समशेर कुणी व्हायचं

मी, सुमंगला भ्र. उद्धव देऊळगावकर, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार सेलू, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत, कुणाचंही दडपण नसताना लिहून ठेवते. अक्षर थरथरतं ते औषधांमुळे. मन थरथरत नाही. कुणी वाद घातलाच तर हे वाक्य त्याला दाखवावं. परभणीच्या डॉक्टरांनी फार दिवस दिलेले नाहीत, म्हणून ही घाई.

१. राहतं घर पुतण्या केयूर याला. एका दिवाळीला साफसफाईच्या नावाखाली त्याने माझ्या चित्रकथेचा पहिला अंक रद्दीत घातला आणि वर मलाच म्हणाला, "काकू, या वयात पोरासोरांची पुस्तकं कशाला?" ते मी विसरलेले नाही, माफही केलेलं नाही. तरी घर त्याचंच. तसा यांचा शब्द होता.

२. शिलाई मशीन पोखर्णीच्या बबिताला. ती माझ्या मैत्रिणीची, मनकर्णाची, सून. सासूचं सगळं करते आणि तोंडातून ब्र काढत नाही.

३. बँकेतली ठेव आणि 'समशेर आणि तांडेल' या चित्रकथेचे उरलेले सगळे अंक, मी मशीनवर शिवून बांधलेले, भाची निकिता हिला. यासोबत एक काम आहे, ते नीट वाचावं.

समशेर हा राज्य गमावलेला राजपुत्र आणि तांडेल त्याचा नावाडी मित्र. दर अंकात समशेरला वाचवताना तांडेल कैदेत पडतो आणि समशेर त्याला सोडवायला येतो. कोठडीच्या दाराशी तो विचारतो, "मित्रा, आहेस का?" आतून उत्तर येतं, "तू येईस्तोवर इथंच आहे." गोष्ट दरवेळी तीच. तरी या वयातसुद्धा पान उलटताना माझा जीव टांगणीला लागतो. केयूरला हे कधी कळलं नाही, त्याला मी तरी काय करणार?

माझे वडील जिनिंग कारखान्यात कारकून, मनकर्णाचे तिथेच हमाल. सेलू स्टेशनवरून वडील अंक आणायचे. आम्ही दोघींनी समुद्र पाहिलेला नव्हता, पण जिनिंगमधल्या कापसाच्या गंजी होत्या. त्यात आमचं जहाज चालायचं. मी समशेर. मनकर्णा म्हणायची, "राजाला लय बोलावं लागतंय. मी आपली तांडेलच बरी." मग तिचं लग्न होऊन ती पोखर्णीला गेली.

हे गेले, तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि घर खायला उठलं. तेव्हा दार वाजलं. बाहेरून आवाज आला, "मित्रा, हायेस का?" मला बोलवेना. मनकर्णा पुन्हा पुन्हा विचारत राहिली. शेवटी मी रडत रडत उत्तर दिलं, तेव्हाच ती आत आली. त्या दिवशी तिने मला सोडवलं, दुसरा शब्द मला माहीत नाही.

आता मनकर्णाला विस्मरणाचा आजार आहे. मुलगा परमेश्वर तिला ओळखू येत नाही. माझा चेहराही नाही. पण दर शनिवारी मी उंबऱ्यात उभं राहून समशेरची हाक दिली की ती उत्तर देते, मला जवळ बसवते, आणि मी अंक वाचते. दवाखान्यामुळे माझ्या खेपा चुकल्या तेव्हा बबिताचा फोन आला. "मावशी, सासूबाई जेवंना झाल्यात. सारख्या दाराकडंच बघायल्यात."

म्हणून घरापेक्षा मला याची काळजी आहे. मी गेल्यावर ती हाक कुणी द्यायची?

४. मी मेल्याचं मनकर्णाला कुणीही सांगू नये. परमेश्वरने माझ्या अंत्यविधीला यायचं निमित्त काढूनही सांगू नये.

५. गेल्या शनिवारी मी निकिताला सोबत नेलं. तिला उंबऱ्यात उभं केलं आणि मी ओसरीवर बसले. पोरीने एकदा माझ्याकडे वळून बघितलं. मग कशीबशी म्हणाली, "मित्रा, आहेस का?"

आतून लगेच उत्तर आलं, "तू येस्तोवर हितंच हाय."

मला हायसं वाटलं आणि फार वाईटही वाटलं. थोड्या वेळाने मी आत गेले. मनकर्णाने निकिताचा हात घट्ट धरला होता. माझ्याकडे बघून तिने निकिताला विचारलं, "ह्या कोन बाई?" मग मलाच म्हणाली, "बसा की."

मी बसले. निकिताने अंक वाचला. मी पाहुणीसारखा चहा घेतला आणि निघाले.

६. समशेरचं नाव, दर शनिवारच्या हाकेसकट, निकिताला दिलं आहे. ते मृत्यूनंतर नव्हे, त्या शनिवारपासूनच लागू आहे.

हे सर्व मी वाचून पाहिलं, बरोबर आहे. दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

ठिकाण: सेलू
दिनांक: १७ फेब्रुवारी २०२५

सही: सुमंगला भ्र. उद्धव देऊळगावकर

साक्षीदार:
१. भागवत पि. दत्तराव मोगल, औषध दुकानदार, सेलू
२. शिवकन्या भ्र. जीवन रोडगे, शिक्षिका, सेलू