परांड्याचा किल्ला बघून आल्यावर

कळंब, ता. इंदापूर
मंगळवार, २१ फेब्रुवारी १९९५

चि. झुंबर हिला दादाचा आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. ऊस गेला, गहू काढणीला आलाय. आईचे गुडघे दुखतात, पण तोंड चालू आहे. राजनंदिनी चौथीत आहे; तू गेलीस तेव्हा चार वर्षांची होती.

रविवारची गंमत सांगतो. सकाळी राजनंदिनीनं इतिहासाचं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "आप्पा, किल्ला बघायचा. आजच." मी म्हणालो, मे महिन्यात सिंहगडाला जाऊ. तर आई चुलीपुढून म्हणाली, "एवढ्या लांब कशाला? परांड्याला हाय की किल्ला."

पाच वर्षांत ते नाव आमच्याकडं निघालं नव्हतं. पण तुझ्या वहिनीनं, छबूनं, लगेच दशम्यांचं पीठ मळायला घेतलं आणि शेजारचा बिरदेव जीप घेऊन दारात हजर! त्याला कुणी सांगितलं, मला अजून कळलेलं नाही.

टेंभुर्णीला पंक्चर झाली. कुर्डूवाडीला भजी खाल्ली. आई पुढच्या सीटवर बसून बिरदेवला सारखी हटकत होती, "म्हशी हाणतोस का गाडी चालवतोस?"

किल्ला मोठा झकास आहे, पण तो तुला मी काय सांगणार! खंदक बघून राजनंदिनीनं विचारलं, "राजा पोहायला हितंच यायचा का?" आम्ही तोफा बघत होतो आणि आई तटावर उभी राहून गावाकडं बघत होती. मग तिनं पहारेकऱ्याला विचारलं, "मास्तर लोकं कुठल्या अंगाला राहत्यात?"

मी म्हणालो, "तुमी जावा, मी थांबतो."

"थांब," ती म्हणाली आणि काठी टेकत चालायला लागली. मग छबू, राजनंदिनी आणि मीही मागं मागं गेलो.

तुम्ही दोघं बार्शीला लग्नाला गेला होता. दारात तुझ्या सासूबाई, ताईबाई होत्या. आईनं नाव सांगताच त्यांनी तिचा हात धरून आत नेलं. म्हणाल्या, "सूनबाई दर दिवाळी-संक्रांतीला पत्र टाकती. उत्तर येत न्हाय, तर म्हणती, आईला लिवता येत न्हाय."

आई माझ्याकडं बघत राहिली.

झुंबर, पत्रं आली होती. अकरा. पोस्टमन माझ्या हातात द्यायचा. रविंद्र मास्तर असला तरी बौद्ध घरातला, म्हणून मी लग्नाला आलो नाही, आईलाही येऊ दिलं नाही. पत्रांचं तर तिला कळूच दिलं नाही. फाडायचा धीर झाला नाही, उघडायचाही नाही. पेटीत तशीच होती.

ताईबाईंनी चहा आणला. आईनं आधी घेतला. मग मीही कप रिकामा केला. तेवढ्यात आतून तुझी पायल आली, नुकताच ताप उतरलेली. माझ्यापुढं उभी राहून म्हणाली, "तुमी कोण?"

मी रिकाम्या कपात बघायला लागलो. छबू म्हणाली, "मामा हाय तुझा."

"मग मला तोफेवर बसव."

पुन्हा किल्ल्यात गेलो, तिला खांद्यावर घेऊन. तोफेवरून उतरायलाच तयार नाही. "मामा, ढुम्म म्हण." म्हणालो. "जोरात!" मग असा ओरडलो की तटावरची माणसं वळून बघायला लागली, आणि राजनंदिनी हसून हसून खाली बसली.

आई तू येईपर्यंत थांबणार होती. उशीर होईल म्हणून मीच घाई केली. खोटं बोललो. तुझ्यापुढं उभं राहायची हिंमत नव्हती.

काल दुपारी पेटी उघडली. अकराच्या अकरा पत्रं आईला वाचून दाखवली. शाळा तपासायला आलेल्या साहेबांना तू दोनदा मीठ घातलेले पोहे दिलेस, त्यावर आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पायल झाल्याचं पत्र तिनं तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा मी ते राजनंदिनीच्या हातात दिलं, तिनं वाचलं.

येत्या रविवारी आईला घेऊन येतो. ती आठ दिवस राहणार आहे. आत्ताच लुगडी बांधून बसलीय. मी दाराबाहेर उभा राहीन. हाक मारलीस तर आत येईन. नाही मारलीस, तरी आई तुझ्याकडं येत राहील, आणि तिला आणून सोडणारा मीच असेन.

रविंद्ररावांना आणि ताईबाईंना माझा जयभीम सांग. हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय.

तुझा, अजून म्हणू दिलंस तर,
दादा
कुंडलिक