कापलेला एक मार्क

रविवार, संध्याकाळ

आज शाळेत बाबांची शोकसभा झाली. वर्कशॉपचे सर रविवारी कधी घरात सापडायचे नाहीत, कायम डोंगरात, असं सगळे सांगत होते. मी नुसती मान डोलवली.

शेवटचं वर्ष मी त्यांना कोलशेतच्या याच फ्लॅटमध्ये कोंडून ठेवलेलं. स्मृती गेलेली, बाहेर पडले की हरवायचे. दुसरं काय करणार होतो मी? कुलूप लावलं, तर त्यांनी चमच्याने खिडकीच्या ग्रिलचे स्क्रू काढून वाटीत नीट ठेवले. अकराव्या मजल्यावर! मग ग्रिल वेल्डिंग करून घेतलं. त्यावरून ते रोज बोट फिरवायचे.

"काम स्वच्छ आहे. कोणी केलं रे?"

"तुमच्याच विद्यार्थ्याने, बाबा."

"दहापैकी नऊ दे त्याला."

एक कशाचा कापला, ते मी विचारलंच नाही.