बाबांच्या होडीतला गरम डाग

रोडपाली, रविवार

प्रिय सुमतीआत्या,

वाकून नमस्कार. तुझं बीपी आटोक्यात असेल, आणि मीठ कमी केल्याचं तू डॉक्टरांना जेवढं सांगतेस त्याच्या निम्मं तरी केलं असशील, अशी आशा. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर बाबा शेजारीच बसतात आणि हा सगळा मजकूर त्यांच्याबद्दलच आहे.

तर, तुझ्या भावाने होडी बांधली. बँकेतून निवृत्त झालेली माणसं कुंड्या लावतात. बाबांनी आणि त्यांच्या शाळेपासूनच्या मित्राने, म्हणजे बाळूकाकांनी, आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये फायबरची होडी करायला घेतली. काचतंतूंची चटई अंथरायची, तिला रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारा चिकट द्रव, पाजायचं, रोलर फिरवून आतली हवा काढायची, सुकलं की वर पुढचा थर. असे सहा थर. त्या वासाने अख्ख्या इमारतीचं डोकं दुखत होतं (आईला याच दिवसांत माहेरची दोन लांबची लग्नं आठवली). फेब्रुवारीत बाळूकाका अचानक गेले, ते तुला कळलंच. बाबांनी एकट्याने होडी पुरी केली आणि ठरवलं, आपटा गावी पाताळगंगा नदीत ती सोडायची आणि पहिल्या फेरीला बाळूकाकांची दोन्ही नातवंडं बसवायची.

मी कंपनीत पवनचक्कीची पाती तपासते. तीही अशीच थराथरांची असतात आणि वरून कितीही गुळगुळीत दिसली तरी आत थर सुटलेले असू शकतात. मी म्हटलं, होडी एकदा तपासू या. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बघ. पण ओरखडा नको."

शनिवारी साहेबांना विचारून उष्णता टिपणारा कॅमेरा घरी आणला. युक्ती साधी आहे: दोन मोठ्या हॅलोजन दिव्यांनी पृष्ठभाग थोडा तापवायचा, दिवे बंद करायचे आणि निवताना बघायचं. थर नीट चिकटले असतील तर ऊब आत झिरपते. मध्ये हवा अडकली असेल तर तिला वाट मिळत नाही, तेवढीच जागा गरम राहते आणि पडद्यावर पांढरी चमकते. दोन्ही दिवे लावले आणि पार्किंगची आणि लिफ्टची वीजच गेली. सोसायटीचे सेक्रेटरी काशिराम पाटील लिफ्टमध्ये होते. "आमी लिफ्टात हाय! लाइट नाय!" असा आवाज वरून येत राहिला. ते बाहेर आले ते थेट होडीवर भडकायला. पण पडद्यावर स्वतःचंच पांढरंफटक टक्कल दिसल्यावर खुर्ची घेऊन बसले.

एकेक दिवा लावून पुन्हा केलं. आधी एक डाग दिसला, तो मांजर झोपून गेल्याचा निघाला. बाबा विजयाने हसले. मग तळाशी, उजव्या बाजूला, ताटाएवढा दुसरा डाग. अर्धा तास थांबून पुन्हा तापवलं. डाग तिथेच. बाबा म्हणाले, इथेही मांजरच असेल. मी नाण्याने ठोकलं. इतरत्र खणखणीत वाजत होतं, तिथे पोकळ.

बाबांनी ते नाणं घेऊन स्वतः ठोकून पाहिलं. मग सांगितलं: तिसरा थर अंथरताना बाळूकाकांच्या घरून फोन आला. चटई ओली करून झाली होती, रोलर फिरवायचा राहिला. दहाव्यानंतर परत आले तेव्हा सगळं दगडासारखं सुकलेलं, आणि ते तसंच ठेवून त्यांनी वर पुढचा थर चढवला. "ती जागा उकरायला हात होईना गं," म्हणाले.

पाटीलकाका उठले, घरी गेले आणि घासायचं मशीन घेऊन आले. आज दिवसभर दोघांनी मिळून तेवढा भाग खरवडून नवे थर भरले. रोलर बाबांनीच फिरवला, पंचवीस वेळा तरी. सुकल्यावर परत तपासेन. आई परत आली आहे आणि नाकाला पदर लावून का होईना, चहा खाली नेऊन देतेय.

तुझी,
अनुया

ता. क. खरं काम आता लिहिते. बाबांना पोहता येत नाही, हे मला काल कळलं. बाळूकाकांच्या नातवंडांना येतं, माझ्यापेक्षा चांगलं. तू महिनाभर इकडे येऊन त्यांना शिकवशील का? मला ते गुरू मानणार नाहीत. येण्याचं कारण दुसरं काहीतरी सांग.

ता. क. २. सुमे, तुझा पत्ता फक्त माझ्या वहीत, म्हणून तो घालायला हिने पाकीट माझ्याकडेच दिलं, आणि मी वाचलं. होडीचं सगळं खरं आहे. पोहता येत नाही, हे मात्र साफ खोटं. येतं; फक्त पुढे जाता येत नाही. लवकर ये. तुझा भाऊ, विनायक.