पुढल्याला हान

आबा, परवा मी एका बाईला मारलं. आईच्या वयाची असेल, एखाद-दोन वर्षं इकडंतिकडं. मारलं म्हणजे थोबाडीत दिली असं नाही, दांडक्यानं मारलं, बोटांवर, मनगटावर आणि मग खांद्यात. तिनं माझं काहीही केलेलं नव्हतं. हे आईला फोनवर सांगता येत नाही, आणि इथं ज्यांच्यात राहतो त्यांना सांगण्यासारखं काही नाही, ते सगळे तिथंच होते. म्हणून तुम्हाला लिहितोय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आता नीट आठवत नाही, पण हात आठवतो. सातवीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, तेव्हा अक्षर असंच असणार. तुम्हाला तरी कुठं वाचता येत होतं.

मी कुठं आहे ते तुम्हाला ठाऊक नसणार. श्रीरामपुरात एका शेठनं कपड्यांचं मोठं दुकान काढलं होतं, सरकत्या जिन्याचं, तिथं मी खोकी उचलायला लागलो. तेव्हा ते एकच दुकान होतं. आता त्याच्याकडं कपडे, भांडी, चपला, खेळणी, किराणा, सगळं एका छताखाली मिळतं आणि शेठला प्रत्येक शहरात एक दुकान पाहिजे. संगमनेर झालं, मग बीड, लातूर, नांदेड, आणि आता त्यानं हद्द ओलांडली. हे निजामाबाद आहे, तेलंगणातलं. आमची एक टोळीच आहे, तिला ओपनिंगची टीम म्हणतात. नव्या शहरात दुकान ठरलं की आम्ही टेम्पोतून आधी जातो, रिकाम्या हॉलमध्ये खोक्यांवर झोपतो, रॅक उभे करतो, माल लावतो, प्लास्टिकच्या पुतळ्यांना साड्या नेसवतो. दुकान चालू झालं की तिथली माणसं कामाला लागतात आणि आम्ही पुढच्या शहराला. मला ते बरं पडतं. एका जागी करमत नाही, हे तुमच्याकडूनच आलंय. टोळीत माझा एक जोडीदार आहे, पाथर्डीकडचा, त्याचे आईबाप अजून ऊसतोडीला जातात. पुतळ्याच्या निऱ्या घालताना तो म्हणतो, "आमच्या म्हाताऱ्यानं कोयता घिऊन मुलूख पालथा घातला, आन् मी बाया नेसवत हिंडतोय. पर ह्या बाया लई बऱ्या, उलटून बोलत न्हाईत." ओपनिंगच्या दिवशी मात्र माझं काम वेगळं असतं. मी अंगानं तुमच्यावर गेलोय. आमच्या टोळीचा मुख्य, त्याला आम्ही साहेब म्हणतो, तो त्या दिवशी मला दारात उभा करतो आणि हातात दांडकं देतो.

दांडकं धरायला तुम्हीच शिकवलं. बाजाराच्या दिवशी तुम्ही मला शाळेतून ओढून न्यायचा. खरेदी दुसऱ्यांची, दलाली दुसऱ्यांची, तुमचं काम जनावरं टेम्पोत चढवायचं. दुपारी मागचे फाळके पाडून टेम्पो ओळीनं लागले की चारी बाजूंनी तुम्हाला हाका. शेण, मूत आणि डिझेल ह्यांचा एक झालेला वास मला अजून येतो. जनावर फळीवर पाय द्यायला तयार नसतं, त्याला खाली पोकळ लागतं. तुम्ही वेसण ओढता, दुसरा कुणी शेपूट पिरगाळतो, मागून आणखी जनावरं रेटत असतात. तशाच एका दिवशी तुम्ही मला बाभळीची काठी दिलीत. स्वतः सोललेली, गाठी तासलेल्या, मुठीला सुतळी गुंडाळलेली. माझ्यासाठी तुम्ही हातानं केलेली तेवढी एकच वस्तू. मी खूश होऊन मागच्या एका खोंडाच्या पाठीत घातली, तर तुम्ही माझ्या कानाखाली अशी लावली की मी शेणात बसलो.

"मागल्याला काय हानतो, येड्या. पुढल्याला हान. पुढलं दबलं की मागलं आपसूक दबतं."

टेम्पोवाला फाळक्यावर बसून तंबाखू मळत होता. "शाळा बुडवून पोराला हेच शिकिवता व्हय?"

"मंग काय कलेक्टर करू?" तुम्ही म्हणालात आणि हसलात. मीही हसलो, कान धरून. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी पुढल्यांनाच मारत होतो आणि तुम्ही लांबून बघून मान हलवत होता.

घरातही तुमचा कायदा हाच होता. एक संध्याकाळ सांगतो. आई चुलीपुढं भाकरी थापतेय, मी आणि ताई भिंतीला टेकून बसलोय. तुम्ही चपला न काढता आत येता, तेव्हाच आम्हाला कळतं. कशावरून सुरू झालं ते आठवत नाही, कालवण अळणी होतं का बाजारात कुणी शिवी दिली होती. आई पिठाच्या हातानं उठून पुढं येते. ती नेहमीच पुढं यायची. आम्ही दोघं तिच्या मागं, तिची पाठ आणि भिंत ह्यांच्या मध्ये, तिचा पदर मुठीत घट्ट धरून. तुम्ही मारताय, ती मागं सरायला बघतेय, आणि आम्ही भिऊन तिला पुढं ढकलतोय. तव्यावरची भाकरी जळाली, धूर झाला. "सरक म्हनतो ना मागं," तुम्ही म्हणत होता, आणि ती सरकत नव्हती म्हणून आणखी मारत होता. तुम्हाला तो तिचा माज वाटला. तिच्या हातावरचं पीठ लाल झालेलं मी पाहिलं. नंतर तिनं तेच हात धुऊन तुम्हाला वाढलं आणि तुम्ही जेवलात.

आणि तुम्ही गेलात तेही तसंच. पांढरा बैल फळीच्या तोंडाशी आलाय, त्याच्या मागं एकाच दाव्याला बांधलेल्या दोन म्हशी आणि त्यांच्या मागं सगळा बाजार. मी टेम्पोच्या टपावर. त्याला मागं हटवायला तुम्ही त्याच्या तोंडावर हाणताय, नाकावर, डोळ्यावर. तो एकदा मागं बघतो, एकदा तुमच्याकडं. मग तो पुढं आला. शिंग पोटात शिरलं आणि त्यानं मान उचलली तेव्हा तुमचे पाय जमिनीवर नव्हते. टोपी बराच वेळ फाळक्याला अडकून होती. नगरला नेईस्तोवर काही उरलं नव्हतं. बैल मारका होता, असं सगळे म्हणाले. शेवगावहून दहाव्याला आलेले पाव्हणेही तेच म्हणत होते. आई एवढंच म्हणाली, "त्याला मागं जायला जागाच न्हवती." लोकांना वाटलं, ती तुमच्याबद्दल बोलतेय. एक बाई तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

आता परवाचं. साहेबानं शहरभर रिक्षा फिरवून सांगितलं होतं, की ओपनिंगला पहिल्या दोन तासांत येईल त्या बाईला चहाच्या भावात साडी. सकाळपासूनच बाया जमायला लागल्या. त्यांच्यामागं त्यांचे नवरे, पोरं, रिकामटेकडे. फीत कापायला टीव्हीतली एक नटी येणार होती, ती येईपर्यंत दार उघडायचं नाही, असा हुकूम. आमच्या दुकानाला काचेचं दार आणि त्याच्या बाहेर चॅनल गेट, म्हणजे लोखंडी पट्ट्यांची सरकती जाळी. जाळी आणि काच ह्यांच्या मधल्या जागेत मी, जोडीदार आणि कडेला उभे केलेले पुतळे. साहेब आमच्या मागं स्टुलावर उभा राहून मोबाईलवर चित्र घेतोय, जाळीच्या कुलपाची किल्ली त्याच्या गळ्यात. आदल्या दिवशीच तो म्हणाला होता, "गर्दी जाळीला चिकटली पायजे. शेठला व्हिडिओ पाठवायचाय. मोकळं मैदान काय पाठवू?"

गर्दी चिकटली. आधी हसत होत्या बाया, आम्हाला हातवारे करत होत्या, मग हसणं बंद झालं. मागून रेटा आला की सगळी गर्दी एकदम श्वास सोडल्यासारखी पुढं यायची आणि जाळी आत वाकायची. वरच्या बाजूचा एक खिळा उडून माझ्या पायाशी पडला. सगळ्यात पुढं ती बाई. हिरवी साडी, केसाला तेल, दातात कापडी पिशवीचा बंद धरलेला. दोन्ही हातांची बोटं जाळीत.

"ए पैलवान," साहेब मागून ओरडला, "तिचे हात सोडव. जाळी उपटंल ती."

मी तिला हिंदीत म्हणालो, मागं हो. तिनं तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं, पिशवी दातातून पडली. मी बोटांवर दांडकं मारलं. तिनं सोडलं नाही. मी परत मारलं. सोडलं नाही. मग मनगटावर, आणि पट्ट्यांतून दांडकं बाहेर घालून खांद्यात ढोसलं. माझ्या तोंडातून निघत होतं, "सरक म्हनतो ना मागं." मराठीतनं, आबा, तुमच्याच शब्दांत. ते माझ्या कानावर पडलं तरी हात थांबला नाही. ती माझ्याकडं बघत होती, पण रागानं नाही. तिच्या नखातून रक्त आलं आणि लोखंडावरून खाली वाहिलं.

जोडीदारानं माझा दंड धरला. "आरं थांब. ती सोडून जाईल कुठं? तिचे पाय तरी हायेत का खाली?"

मी खाली बघितलं. नव्हते. ती गर्दीच्या दाबानं उचलली गेली होती आणि तिची बोटं पट्ट्यांत अडकून पडली होती, धरलेली नव्हती. तोंड निळं पडायला लागलं होतं. "मागल्यांना कायतरी दाखवाय पायजे," असं म्हणून जोडीदार काचेचं दार ढकलून आत आणि जिन्यावर पळाला. मी साहेबाकडं किल्ली मागितली. तो म्हणाला, "दम धर. मॅडमची गाडी चौकात आलीय." मी म्हणालो, बाई मरती. तो मोबाईल खाली न घेताच म्हणाला, "गर्दीत कोन मरत न्हाई, नाटकं करत्यात." मग मी तेच दांडकं त्याच्या कानावर घातलं. तो स्टुलासकट पुतळ्यांच्या अंगावर पडला, एका पुतळीचा हात निखळून लांब गेला. मी त्याच्या छातीवर गुडघा ठेवून गळ्यातली दोरी तोडली.

तोवर जोडीदारानं वरच्या खिडकीतून साड्यांचे गठ्ठे फेकायला सुरुवात केली होती, होता होईल तेवढे लांब, रस्त्याच्या पलीकडं. मागचे लोक तिकडं वळले. आणि मग जे झालं ते मी बाजारातही पाहिलेलं नाही. एका साडीला चार-पाच हात, एकीनं दुसरीचे केस धरून तिला डांबरावर आपटलं, एका माणसाचं कपाळ फुटलं तरी त्यानं काखेतला गठ्ठा सोडला नाही. पोलीस आले आणि त्यांनी काठ्या चालवल्या, त्याही पुढल्यांवरच. इकडं जाळीवरचा दाब सुटला. मी कुलूप काढलं, तिची बोटं एकेक करून सोडवली, अंगाएवढी फट केली आणि ती माझ्या अंगावर पडली, ओल्या पोत्यासारखी. बऱ्याच वेळानं तिनं श्वास घेतला. तो आवाज ऐकून मी भिंतीला टेकून बसलो.

ती जगली. तीन बोटं मोडलीत, बरगड्यांना मार आहे. काल दुपारी मी केळी घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. तिचा पोरगा रिक्षा चालवतो, त्याला हिंदी येतं. मी म्हणालो, दुकानातून आलोय. त्यानं मला बसायला स्टूल दिलं. आईला जाळीतून ओढून काढणारा मीच, एवढं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. "आपने बहुत अच्छा किया भय्या," असं म्हणून तो चहा आणायला गेला. बाई जागी होती. तिनं मला ओळखलं. प्लास्टरमधला हात तिनं पांघरुणाखाली ओढून घेतला आणि भिंतीकडं सरकत सरकत गेली, खाट संपेपर्यंत. चहा यायच्या आत मी निघालो.

दुकान दुसऱ्या दिवशी उघडलं. लोक आदल्या दिवशीइतकेच आले. व्हिडिओत फक्त गर्दी आहे, माझा हात कापून काढलाय आणि वर गाणं टाकलंय. शेठ खूश आहे म्हणे. साहेबाच्या कानाला टाके पडलेत. आज सकाळी त्यानं मला गोडाऊनमध्ये बोलावलं, मला वाटलं हिशेब करून घालवणार. तो म्हणाला, "कान फाडलास माजा. जाऊ दे, राग न्हाई. पर पुढच्या टायमाला हात बाहेरच्यांसाठी ठेव." पुढच्या महिन्यात करीमनगर आहे, ह्याच्या दुप्पट मोठं. "गेटला तूच. तुज्यासारखा दुसरा न्हाई आपल्याकडं." मी म्हणालो, कंबर धरलीय, थोडे दिवस गावाला जाऊन येतो. तो म्हणाला, मंग गेट सोड, नुसता माल लाव. जोडीदारही तेच म्हणाला, "आरं, तू वर बायांना साड्या नेसव, मी हुभा ऱ्हातो खाली." आईला फोन केला तर ती विचारते, "लई गर्दी हुती म्हनं? तुला लागलं न्हाई ना?" मी म्हणालो, न्हाई, मला काही लागलं न्हाई.

आबा, माझी कंबर ठणठणीत आहे. पहिले दोन फटके मी साहेबानं सांगितलं म्हणून मारले. तिसऱ्याला मला बरं वाटलं. पुढं केवढी गर्दी, कुणाची भाषा कळेना, छाती धडधडत होती, आणि दांडकं बसलं तसं अंगातलं सगळं एकदम निवांत झालं. जोडीदारानं दंड धरला तेव्हा मला त्याचाच राग आला होता. तुम्हालाही तसंच व्हायचं का, एवढं मला विचारायचं होतं. तुम्ही असता तर विचारायची छाती झाली नसती, आणि हा कागद तर कुठं टाकायचाच नाही. साहेबाला वाटतं मी भ्यालो, जोडीदाराला वाटतं मला त्या बाईचं वाईट वाटतंय. वाटतंय तेही. पण करीमनगरला मी जात नाही ते त्यामुळं नाही. मला तिथल्या दारात परत उभं राहायचंय, म्हणून जात नाही.