यानात जागा नसलेली म्हातारी

रविवार, दिवेलागण

आज सगळ्यांनी टीव्हीवर पृथ्वी सोडून जायचा सिनेमा पाहिला. यानात जागा कमी, म्हणून म्हातारी हसत मागं राहते. सुनेले रडू आलं. म्हणे, "आजी असावी तर अशी!" नातू म्हणे, "कडक सीन!" मले फालतू वाटला. म्हातारीले कोणी विचारलं होतं काय? हसली म्हणे!

मग चहा घेताना लेक म्हणाला, "आई, अकोल्याले ताईकडे राहशीन काय थोडे दिवस?"

मी म्हटलं, "काहून? यानात जागा नाही काय?"

कोणी हसलं नाही. "थोडे म्हणजे किती?" विचारलं, तर म्हणे, "चहा घे, थंडा होते."

राजापेठेतल्या गाड्यांच्या आवाजात आमच्या घरी ओरडूनच बोला लागते. आता बाहेरच्या खोलीत लेक-सून कुजबुजून राहिले.