सात किलो आणि सोयाबीनच्या शेंगा

१४ सप्टेंबर, रविवार

ऐंशी! पुन्हा ऐंशीच! वजनकाटा उचलून दुसऱ्या फरशीवर ठेवला, ह्यांना तीनदा उतरवलं, तीनदा चढवलं. काट्याचं काय चुकतंय म्हणा!

डिसेंबरात मेडिकल आहे. तोवर त्र्याहत्तर झालं नाही तर हे लो मेडिकलच, म्हणजे वजनापायी खालच्या श्रेणीतच राहणार, आणि लो मेडिकल हवालदाराला नायब सुभेदार कोण करतंय? मग पुढच्या वर्षी नोकरीची चोवीस वर्षं पूर्ण — पेटी उचला आणि गावी चला. पृथ्वीराज नववीत, प्रज्ञा पहिलीत. सगळं सात किलोंवर अडलंय. आणि हे काट्यावरून उतरून काय म्हणतात? "चहाबरोबर काही आहे का?"

१७ सप्टेंबर

जवानांच्या बायकांची वेल्फेअरची मीटिंग असते, तिथे डाएटवाल्या मॅडम आल्या होत्या. संध्याकाळी भजी-समोसे नकोत, म्हणे एडामामे खा. प्रोटीन भरपूर, पोट भरतं, मुलंही आवडीने खातात. पडद्यावर फोटो लावला — अगं बाई! हे तर सोयाबीन! हिरवं, लवदार, आमच्या हिंगोलीच्या शेतातलं! मी जवळजवळ ओरडलेच. शेजारी विनया बसली होती, ह्यांच्याच पलटणीतल्या हणमंतभावजींची बायको. तिने चिमटा काढला.

जन्मभर सोयाबीन पाहिलं, पण हिरवी शेंग घरात कुणी तोंडात घातली नाही. गाय शेतात शिरली की माझे अण्णा काठी घेऊन धावायचे, तिचं पोट फुगेल म्हणून. आता तेच मी नवऱ्याला घालू?

१९ सप्टेंबर

घातलं. फ्रोझन पाकीट मागवलं. डिलिव्हरीवाल्याला कॅन्टोन्मेंटच्या आत सोडत नाहीत, पोळ्या अर्धवट टाकून गेटपर्यंत पळाले.

शेंगा चिरून गवारीसारखी भाजी केली, दाण्याचं कूट घालून. सालं चिवट म्हणजे किती चिवट! पृथ्वीराज चावत बसला, चावत बसला. "मम्मी, ये रस्सी है क्या?" हे म्हणाले, "आपल्याकडं म्हशीसुद्धा विचार करून खातील." हसूही आलं आणि रडूही.

२० सप्टेंबर

साल खायचंच नसतं! मॅडमना मेसेज करून विचारलं. मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळायच्या, निथळायच्या, वर लिंबू. शेंग ओठांत धरून दाबली की दाणे आपोआप तोंडात. तुरीच्या शेंगा उकडून खातो तसंच की! एवढं सुचू नये मला?

परात मधे ठेवून चौघं बसलो. प्रज्ञाच्या शेंगेतला दाणा सुटला तो थेट ह्यांच्या कपाळावर. मग काय, युद्धच! सगळ्या शेंगा बघता बघता फस्त. हे प्रज्ञाला सोलून देत होते, एक दाणा तिला, एक स्वतःला. ती झाली तेव्हा हे वर बर्फात ड्यूटीला होते. नऊ महिन्यांची झाल्यावर पहिल्यांदा हातात घेतली, तर अनोळखी माणूस बघून किंचाळली होती. आता मांडीवरून उठत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

ऐंशी. रोज संध्याकाळी शेंगा, जेवायला एकच भाकरी, साखर बंद. तरी ऐंशी! कसं?

११ ऑक्टोबर

असं!! स्कूटरच्या डिकीत प्रज्ञाचा टिफिन शोधत होते. तेलाने माखलेले कागद निघाले, एक नाही, चार. ब्रेड पकोडा. हिरव्या चटणीसकट.

हे आल्यावर चारही कागद परातीशेजारी मांडून ठेवले.

"भूक लागते गं."

"मग शेंगा खा!"

"शेंगांनी काय होतंय, गिरिजा."

बोलताना वर बघितलंच नाही ह्यांनी. एवढ्या वर्षांत ह्यांनी माझ्यापासून काही लपवलं नव्हतं. आणि आता लपवलं काय, तर पकोडा! मला इतका राग आलाय की अक्षर नीट येत नाहीये.

२२ ऑक्टोबर, पाडवा

आज मी वाईट वागले. लिहूनच ठेवते.

ह्यांना ओवाळलं. मग हणमंतभावजी आणि विनया फराळाला आले. भावजी ह्यांना ज्युनियर, पण काडीसारखे. त्यांनी एका चकलीवर भागवलं, ह्यांनी सहा खाल्ल्या. मी मोजत होते. ते गेल्यावर माझा तोल सुटला. "उद्या हणमंत साहेब होईल, तुम्ही त्याला सॅल्यूट ठोका! लाज नाही वाटत?" मुलांसमोर म्हणाले. तबकातलं निरांजन अजून विझलं नव्हतं.

हे हातातली चकली खाली ठेवून उठले. "तुला नक्की हवंय हे?"

"हा काय प्रश्न झाला?"

"बरं," म्हणाले. बस, एवढंच.

२६ ऑक्टोबर, रविवार

एकोणऐंशी. बोलणं कामापुरतं.

२ नोव्हेंबर, रविवार

अठ्ठ्याहत्तर! डिकी तपासली. रिकामी.

१६ नोव्हेंबर, रविवार

शहात्तर. हवा इतकी खराब की शाळा ऑनलाइन, बाहेर पळायची सोय नाही. हे मास्क लावून ब्लॉकचे जिने चढतात-उतरतात, चाळीस-चाळीस वेळा. हणमंतभावजी म्हणाले, "वहिनी, काय जादू केलीत?"

परात रोज मांडते. मुलं खातात, भांडतात. हे मुठीत शेंगा घेऊन मुलांकडे बघत राहतात. प्रज्ञाने विचारलंच, "पप्पा, ऐसे क्यों देख रहे हो?" म्हणाले, "असंच गं." मला भीती वाटते. पाडव्याचं माझं बोलणं मनाला लागलंय, दुसरं काय असणार? माफी मागायला दोनदा तोंड उघडलं. तुमचा टी-शर्ट धुवायला टाका, एवढंच बाहेर पडलं.

७ डिसेंबर, रविवार

चौऱ्याहत्तर. अजून एक किलो! मला घास जात नाही. ह्यांच्यापेक्षा माझंच वजन जास्त उतरलं असेल.

१८ डिसेंबर

झालं!!! बहात्तर किलो आठशे! मेडिकल पास, लो मेडिकल गेलं! आता बढती कोण अडवतंय! आईला फोन केला, ती रडली, मी रडले. ब्लॉकभर पेढे वाटले. मग ह्यांच्या पाया पडले, म्हटलं, पाडव्याचं विसरा हो. ह्यांनी हाताला धरून उठवलं. "वेडी आहेस," म्हणाले आणि बराच वेळ हात सोडला नाही.

१९ डिसेंबर

मार्चमध्ये पलटण वर जातेय. बर्फात, दोन वर्षांसाठी. फॅमिली नेता येत नाही. लो मेडिकलवाले इथेच राहणार. विनया सहज बोलून गेली, मला ठाऊकच असेल असं समजून.

ह्यांना जुलैपासून माहीत होतं. म्हणजे ते पकोडे भुकेपोटी नव्हते. इथे राहायला मिळावं म्हणून खात होते.

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू थांबा म्हणाली असतीस. आणि मी थांबलो असतो."

मी म्हणाले असते.