खेकड्यांवरचा खटला

गुरुवार, ३ एप्रिल २०२५

तक्रार लेखी नोंदवतो आहे, कारण तोंडी ऐकून घेणारं या घरात कुणी नाही. प्रतिवादी: बैठकीतल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला थोरला खेकडा. गुन्हा: मनीषाने खडकाला चिकटवलेला जांभळा प्रवाळ पुन्हा एकदा उलथवणे, आणि वर त्याच्यावरच चढून बसणे! इंग्रजीत यांना हर्मिट म्हणतात. म्हणजे संन्यासी. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहायचं, तो आखूड पडला की मोठा शोधायचा, सापडला की आतून-बाहेरून चाचपून मगच गृहप्रवेश करायचा — असला संन्यास असेल तर मी उद्याच घेतो. अपरिग्रह यांच्या गावीही नाही.

नाशिकला गोदावरी पुरत नव्हती म्हणून आमच्या बाईसाहेबांनी समुद्र आणला. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, घरी पाकिटातलं मीठ मोजून पाण्यात कालवायची. मी नावं ठेवायचो. ते माझं खातं.

म्हटलं, काढून टाक हे उपटसुंभ. म्हणाली, "मग शेवाळ कोण खाणार? तुम्ही?"

रविवार, ६ एप्रिल

रामनवमी. सुंठवडा तिने जिभेला लावला आणि वाटी बाजूला सारली.

मुंबईला डॉक्टरांकडे जाऊन आल्यापासून तिचं औषध फक्त दुखू नये म्हणून चालू आहे. बरं होण्यासाठीचं आता काही उरलेलं नाही, हे त्यांनी फार सुंदर मराठीत सांगितलं. मला त्या मराठीचाच राग आला.

तिला आता पाण्याचा कॅन उचलवत नाही. या उन्हात टाकीतलं पाणी रोज आटतं, मीठ मागे उरतं, म्हणून वरून गोडं पाणी घालत राहावं लागतं. ते काम माझ्याकडे आलं. "फिल्टरचं पाणी थेट ओता, दुसरं काही करू नका," असं तिने बजावलं होतं. पण फिल्टरचं पाणी म्हणजे नुसतं ओलं. जीव नाही त्यात. मी ते रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवतो आणि सकाळी घालतो. हंडा भांडी बाजारातला, आजोबांनी घेतलेला. आम्ही सगळे त्यातलंच पाणी पिऊन वाढलो. मनीषाही त्यातलंच पिते. तिला जे चांगलं ते तिच्या माशांना वाईट कसं असेल?

सांगितलं नाही तिला. मासे टवटवीत झाले की मग सांगेन.

गुरुवार, १० एप्रिल

एक गोगलगाय गेली. तिचा शंख रिकामा, आणि दुपारपर्यंत धाकटा संन्यासी तोच अंगात घालून हिंडतोय! मुद्देमालासकट सापडला.

कामाच्या कुसाबाई हंडा चिंचेने घासत होत्या, दर गुरुवारी घासतात. घोटीच्या बाई, निकाल लगेच. "सर, लय माजलेत ते. कालवण करा येक डाव." मनीषा हसली. मोठ्याने. मग बरगडी धरून बसली.

नंतर मला म्हणाली की खेकडे बहुधा मेलेलंच खातात, मारताना कुणी पाहिलं? मी न्यायशास्त्र काढलं — डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं समजावं.

"आणि ते धुकं असलं तर?"

तेवीस वर्षं संस्कृत मी शिकवतोय. आक्षेप मात्र ती घेते.

सोमवार, १४ एप्रिल

आणखी दोन गोगलगाई. जांभळा प्रवाळ मिटून बसलाय, उघडतच नाही. मासे ठणठणीत. म्हणजे संशयित खेकडेच.

इंदिरानगरच्या ज्ञानेशला फोन केला. टाकीतले सगळे जीव त्याच्याच दुकानातून आलेले. म्हटलं, तुझे खेकडे परत घेऊन जा. एरवी बोलका गडी, आज अडखळला. "सर, मॅडमशी झालंय माझं बोलणं... बघतो मी." काय झालंय ते बोलला नाही. खेकड्यांची बाजू घेणारी माणसं सगळीकडे आहेत.

शनिवार, १९ एप्रिल

तिचा पलंग बैठकीत आणला. टाकीसमोर.

दिवसभर तिकडेच बघते. मी पेपर वाचून दाखवतो, ती ऐकत नाही. संध्याकाळी म्हणाली, थोरला जागचा हललेला नाही.

मी म्हटलं, समाधी लागली असेल. हसली नाही.

गुरुवार, २४ एप्रिल

थोरला शंख सोडून बाहेर पडला होता. शंख शेजारीच होता, तरी आत जात नव्हता. मी पहिल्यांदा त्याला उघडा पाहिला. नांग्या तेवढ्या राकट, मागचं अंग अगदी मऊ, फिकट, वळलेलं. एवढ्यासाठी चाललं होतं का सगळं? हे झाकायला?

काय करावं सुचेना. पाणी तरी घालू म्हणून हंड्यातून तांब्या भरला आणि टाकीवर धरला.

"अहो, ते पाणी कुठलं?"

सांगितलं. काय अभिमानाने सांगितलं! हंडा, आजोबा, रात्रभर ठेवणं — सगळं.

तिने डोळे मिटले. मग हळूहळू, वर्गात समजावून द्यावं तसं सांगितलं. तांबं थोडं थोडं पाण्यात उतरतं. माणसाला चालतं, माशालाही एकवेळ चालून जातं. गोगलगाय, खेकडा, प्रवाळ यांना ते विष. आणि पाणी आटतं, तांबं आटत नाही, रोज साठत जातं.

"कधीपासून घालताय?"

तुला कॅन उचलवेना तेव्हापासून, म्हणालो.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने हात पुढे केला, माझ्या हातातला तांब्या घेतला आणि त्यातलं पाणी प्यायली. "चांगलं म्हणूनच घातलंत ना," एवढंच म्हणाली.

थोरला दुपारी गेला. बागेत पुरला, जास्वंदीखाली. शंख धुऊन ठेवलाय. कुठे ठेवला ते आठवत नाहीये आत्ता.

धुकंच होतं.

रविवार, २७ एप्रिल

पाणी बदललं. पलंगावरून हुकूम, खाली मी बादल्यांसह. मीठ कमी, मीठ जास्त, हात साबणाचा नाही ना! फिल्टरमध्ये तांबं शोषणारी काळी पूड भरलेली पिशवी ठेवली. पहिलीच्या पोराला गिरवून घ्यावं तसं तिने माझ्याकडून सगळं करून घेतलं.

धाकटा जिवंत आहे. त्या गोगलगाईच्याच शंखात. संध्याकाळी काचेवरचं शेवाळ खात होता.

मनीषाने विचारलं, मग काय ठरलं, खेकड्यांना घरात ठेवायचं की नाही? म्हटलं, खटला मागे घेतला.

हंडा माळ्यावर टाकायला निघालो तर म्हणाली, "माझं पाणी त्यातलंच हवं. मी काय खेकडा आहे?"

बुधवार, ३० एप्रिल

अक्षय्य तृतीया. गेलेल्या आई-अण्णांच्या नावाने पाण्याच्या दोन घागरी गुरुजींकडे देऊन आलो, तर दारात ज्ञानेश. बादल्या, नळ्या, सगळं घेऊन. टाकी न्यायला आलेला. मनीषाने त्याला मुंबईहून आल्या आल्याच सांगून ठेवलं होतं, पहिली गोगलगाय मरायच्या आधी. "मी असताना ने. मागाहून सरांना एकट्याने उपसावी लागेल."

मी त्याला परत पाठवलं. तिला म्हटलं, आत्ता कुठे शिकतोय, राहू दे. ती माझा हात धरून टाकीकडे बघत राहिली.

टाकी मी सांभाळीन. ती भीती नाही. पुढच्या वर्षी आजच्या दिवशी एक घागर जास्त भरावी लागेल. ती देऊन मी घरी येईन, आणि ते पाणी कुठलं म्हणून विचारायला कुणी नसेल. त्याची भीती वाटते.